एक जून

(दृश्य: बालगृहाची प्रवेश नोंदवही. एक बोट जन्मतारखेच्या रकान्यावरून सावकाश खाली सरकतं.)

बालगृहाच्या नोंदवहीत जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचत गेलं की एक तारीख पुन्हा पुन्हा भेटते. १ जून. पान उलटा, पुन्हा १ जून. ही मुलं काही एकाच दिवशी जन्मलेली नाहीत. शाळा जूनमध्ये उघडायची, जन्माचा कागद नसायचा, आणि गुरुजी अंदाजानं वर्ष ठरवून पुढे हीच तारीख टाकायचे. ही रीत आपल्याकडे जुनी आहे. कित्येकांच्या आजोबांचा वाढदिवस याच दिवशी येतो, आणि त्यामुळे झालंच तर निवृत्तीची तारीख तेवढी पुढेमागे झाली. बालगृहातल्या मुलाचा इयत्तेपासून ताटापर्यंत आणि दाराबाहेर पडण्यापर्यंतचा सगळा हिशेब मात्र या रकान्यावर चालतो.

स्टेशनवर एकटं सापडलेलं, कामावरून सोडवलेलं किंवा घरात मारहाण होत असलेलं मूल प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करायचं असतं; त्यानं बालगृहात राहायचं की घरी जायचं, हे तीच ठरवते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं वय ठरवण्याचा क्रम घालून दिला आहे. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. मनगट-कोपराच्या एक्स-रेवरून डॉक्टर वय सांगतात, पण त्यात दोन वर्षं इकडे-तिकडे होऊ शकतात, हे न्यायालयांनीही मानलेलं आहे. तरीही समितीनं एकदा नोंदवलेलं वय कायद्याच्या दृष्टीनं खरं वय ठरतं. म्हणून एक्स-रेला पाठवण्याआधी मुलाच्या गावच्या शाळेत एक फोन करणं मोलाचं. 'कुठल्या शाळेत होतास' यापेक्षा 'बाई कोण होत्या', 'शाळेजवळ काय होतं' असं विचारलं की शाळा सापडण्याची शक्यता वाढते.

(दृश्य: वजनकाट्यावर उभी असलेली दोन पावलं. चेहरा दिसत नाही.)

दाखल झाल्यापासून २४ तासांत वैद्यकीय तपासणी आणि नंतर दर महिन्याला, असा नियम आहे. वजन-उंची लिहिलीही जाते. पण आकडे वहीत एकाखाली एक पडून राहतात, त्यांचा आलेख कोणी काढत नाही. आलेख काढला तर बरंच कळतं. उपाशीपोटी आलेल्या मुलाचं वजन पहिल्या दोन-तीन महिन्यांत झपाट्यानं वाढायला हवं. पुरेसं जेवूनही ते वाढत नसेल तर जंत, क्षयरोग, रक्तक्षय यांची तपासणी करायची. तीन महिने वाढलेलं वजन अचानक थांबलं, तर डॉक्टरांबरोबर समुपदेशकालाही बोलवायचं. कोणी ताटातलं ओढून घेतंय का, रात्री काही घडतंय का, हे मूल बोलायच्या आधी वजनकाटा सांगू शकतो. अंथरूण ओलं करणं थांबून पुन्हा सुरू झालं, तर तीही अशीच खूण. त्यावर शिक्षा केली की ते वाढतं.

लसीकरणाचं कार्ड बहुतेकांकडे नसतं. अशा वेळी लस झालीच नाही असं धरून वयानुसार गोवर-रुबेला आणि धनुर्वात-घटसर्पाची लस आरोग्य केंद्रातून द्यायची. आधी झालेली असली तरी जादा मात्रेनं अपाय होत नाही. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना लोहाची गुलाबी गोळी आणि दहापासून निळी, आठवड्यातून एकदा. मोकळ्या पोटी दिली की मळमळतं आणि मुलं ती गादीखाली सरकवतात. म्हणून जेवणानंतर, समोर उभं राहून.

आणि खरूज. संस्थेतल्या कुणालाही विचारा, डोकं धरून बसतील. औषध साधं आहे, पाच टक्क्यांचं पर्मेथ्रिन मलम. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली रात्री लावायचं, आठ ते बारा तासांनी आंघोळ, आणि सात दिवसांनी पुन्हा एकदा. तरी खरूज जात का नाही? कारण पन्नास मुलांमागे साठ्यात दहा ट्यूब असतात, म्हणून फक्त खाजवणाऱ्या दहा मुलांना लावतात. किडा शिरल्यापासून खाज सुटायला पहिल्या वेळी काही आठवडेही जातात. त्या काळात न खाजवणारी चाळीस मुलं ती दहा जणांना परत देतात. सगळ्यांना एकाच रात्री लावायचं, काळजीवाहक आणि स्वयंपाकी धरून. दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी-कपडे गरम पाण्यात, आणि धुता न येणाऱ्या वस्तू आठवडाभर बंद पिशवीत. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. तेवढ्यात 'औषध लागू पडलं नाही' म्हणून दुसरं सुरू करू नये.

डोळ्यांची तपासणी सहसा राहून जाते. वहीत 'मठ्ठ' असा शेरा मिळालेल्या मुलाला आधी फळ्यापासून सहा मीटरवर उभं करून अक्षरं वाचायला लावा.

(दृश्य: कोठीघर. तराजू, डाळीचं पोतं, साठा नोंदवही.)

आता ताट. बाल न्याय कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत दर मुलामागे रोजचं प्रमाण दिलेलं आहे: धान्य ६०० ग्रॅम, सोळा वर्षांपुढे ७०० ग्रॅम, डाळ-कडधान्य १२० ग्रॅम, पालेभाजी १०० आणि इतर भाजी १३० ग्रॅम, न्याहारीला दूध १५० मिलिलिटर, तेल २५ ग्रॅम. पन्नास मुलांचा गुणाकार करा. रोज सहा किलो डाळ, पाच किलो पालेभाजी, साडेसात लिटर दूध. महिन्याची डाळ १८० किलो. साठा नोंदवहीत ती ९० निघाली तर वरण पाणीदार का लागतं, हे स्वयंपाक्याला विचारायची गरज नाही. त्यातला ६०० ग्रॅम धान्याचा आकडा आम्हाला कधीच पटलेला नाही. सहा वर्षांचं पोर एवढं खाणार कसं? मग तांदूळ उरतो, भाजी कमी पडते, आणि कागदावर उष्मांक बरोबर येतात. तपासणीला येणाऱ्यांनी धान्याची पोती मोजण्यापेक्षा भाजीची बिलं बघावीत.

शाळेत ही जन्मतारीख पहिला दणका देते. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, मुलाला वयानुरूप वर्गात बसवा. वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे बरोबरच आहे. पण अंदाजानं अकरा वर्षं लिहिलेलं मूल पाचवीत बसतं आणि त्याला जोडाक्षर वाचता येत नाही. त्यासाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या विशेष प्रशिक्षणाची तरतूद आहे. ते प्रशिक्षण झालं नाही की मूल मागच्या बाकावर गप्प बसतं. मुंबईच्या स्टेशनांवर सापडणाऱ्या मुलांत हिंदी, बंगाली, तेलुगू बोलणारी असतात. मुंबईत त्यांना महापालिकेची हिंदी माध्यमाची शाळा मिळू शकते; इतर जिल्ह्यांत अनेकदा थेट मराठी शाळा. शिवाय हा कायदा आठवीपर्यंतचा. नववीला मुलाची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली की दाखल्याशिवाय काम अडतं, आणि शाळेचा दाखला मुलाच्या फाईलबरोबर निघतच नाही. बदलीचा आदेश हातात पडला त्याच दिवशी तीन कागद मागून घ्यावेत: शाळा सोडल्याचा दाखला, आरोग्य पत्रक, वैयक्तिक काळजी आराखडा.

हा आराखडा म्हणजे मुलाच्या फाईलचा कणा. प्रगतीचा अहवाल पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, नंतर महिन्यातून एकदा लिहायचा. 'प्रगती समाधानकारक' हे दोन शब्द बारा वेळा उतरवलेले दिसले, तर समजा की कोणी मुलाशी बोललेलं नाही. कितवीचं पुस्तक वाचतो, या महिन्यात कुणाचा फोन आला, कुणाशी भांडला, एवढ्या तीन ओळी पुरतात.

(दृश्य: दुपारचं अंगण. दोरीवर वाळणारे गणवेश.)

यातली बरीच मुलं अनाथ नसतात. आई असते, ती धुणीभांडी करते किंवा ऊसतोडीला जाते. शाळा सुरू होण्याच्या सुमारास समितीपुढे अशा आयांची रांग लागते, कारण गावात वसतिगृह नाही. बालगृह हे वसतिगृह नव्हे. पण मूल ठेवून घ्यायचं की घरी ठेवायला मदत द्यायची, हा प्रश्न पैशापाशी येऊन थांबतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच राहावं यासाठीच्या मदतीचे, महिना ४,००० रुपये मिळतात. मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपये. म्हणजे गावात महिना सहा हजारांच्या वर मिळवणारी आई बाहेर. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये आहेत. कायद्याप्रमाणे समितीची चौकशी चार महिन्यांत संपून अंतिम आदेश व्हायला हवा. उशीर होतो तो गृहचौकशीत. मुलाचं घर परजिल्ह्यात असलं की पत्र तिथल्या बाल संरक्षण कक्षाकडे जातं आणि उत्तराची वाट बघण्यात दिवाळी येते.

आणि मग पुन्हा १ जून.

बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपलेली असते. कॉलेजचे प्रवेश अजून व्हायचे असतात. मध्येच कागदावर अठरा वर्षं पूर्ण होतात आणि बालगृहाचा मुक्काम संपतो. अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय एकविसाव्या वर्षापर्यंत आहे, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंतही. पण ती आपोआप लागू होत नाही. बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी पुढची योजना लिहून ती समितीपुढे ठेवावी लागते. दोन महिने आधी म्हणजे १ एप्रिल. नेमकी आर्थिक वर्ष संपतानाची धावपळ. म्हणून यादी जानेवारीत काढायची: या जूनमध्ये कोण अठरा पूर्ण करतंय?

ज्याला आई-वडील नाहीत, त्याचं अनाथ प्रमाणपत्रही तेव्हाच. २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे, आणि प्रमाणपत्रासाठी लागणारे पुरावे संस्थेच्या कपाटात असतात. मूल बाहेर पडलं, अधीक्षक बदलले, की ते कपाट उघडायला कोणी नसतं. आधार कार्डावरचे ठसे पंधराव्या वर्षी नव्यानं दिले होते का, हे बघून घ्यायचं. बँकेचं खातं मुलाच्या नावावर हवं. सगळ्यात शेवटी एक बारीक गोष्ट, जी जवळपास कुणी तपासत नाही: आधारला आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे? बहुतेकदा संस्थेचा. मुलगी पुण्यात बँकेच्या खिडकीपाशी उभी असते आणि ओटीपी बालगृहाच्या टेबलावरच्या फोनवर येऊन पडतो.