१३४ मॅच हरलेली टीम

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला एका टीमची गोष्ट सांगणारे, आणि आधीच सांगून टाकते की शेवटी ती टीम जिंकत नाही, तेव्हा कुणी वाट बघत बसू नका. खेळ बेसबॉल, देश अमेरिका, गाव क्लीव्हलँड, साल १८९९. टीमचं नाव स्पायडर्स, म्हणजे कोळी. जाळं विणणारे हं, जाळं टाकणारे नव्हेत. खेळाडू लुकडे, हातापायांनी लांबलचक, म्हणून म्हणे हे नाव पडलं.

त्या एका सीझनमध्ये ही टीम १५४ मॅच खेळली आणि त्यातल्या १३४ हरली. जिंकल्या फक्त २०. २०२४ साली शिकागोची व्हाइट सॉक्स टीम १२१ मॅच हरली तेव्हा जगभर त्यांचं हसं झालं, पण स्पायडर्सपुढे ते बिचारे बरेच म्हणायचे.

आता तुम्ही म्हणाल असेल एखादी टीम कच्ची, त्यात काय एवढं. पण गंमत इथेच आहे बघा, ही टीम कच्ची नव्हतीच. चारच वर्षांपूर्वी, १८९५ ला, याच स्पायडर्सनी बाल्टिमोरला हरवून टेम्पल कप, म्हणजे लीगमधल्या पहिल्या दोन टीममध्ये लागणारा कप, जिंकला होता. त्यांचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता साय यंग, म्हणजे ज्याने आयुष्यभरात ५११ मॅच जिंकून दिल्या आणि ज्याच्या नावाने आजही दरवर्षी सगळ्यात चांगल्या पिचरला बक्षीस देतात तो. बॅटिंगला जेसी बर्केट, फील्डिंगला बॉबी वॉलेस. मग असं काय झालं की चार वर्षांत सगळं बुडालं?

झालं ते असं, की मालक होते दोघे भाऊ, फ्रँक आणि स्टॅनली रॉबिसन. फ्रँकचा धंदा ट्रामचा. ग्राउंडसुद्धा त्याने आपल्याच ट्रामच्या लाइनवर बांधलं, म्हणजे मॅचचं तिकीटही आपलं आणि ट्रामचंही आपलंच, डोकं बघा. पण क्लीव्हलँडमध्ये रविवारी मॅच खेळायला बंदी होती. १८९७ मध्ये यांनी एकदा रविवारी मॅच ठेवून बघितली तर एक इनिंग होते न होते तोच पोलीस आत आले आणि खेळाडूंना पकडून घेऊन गेले. कारखान्यातल्या माणसाला सुट्टी एकच, रविवारची, आणि त्याच दिवशी मॅच नाही, मग ग्राउंड भरणार कसं? रॉबिसन शेठ गावावर चिडलेले होते ते होतेच.

तेवढ्यात १८९९ च्या सुरुवातीला सेंट लुइसची टीम लिलावात निघाली, तिचा मालक पार कर्जात बुडालेला. तिकडे रविवारची मॅच चालायची. रॉबिसनांनी ती विकत घेतली, आणि क्लीव्हलँडची सोडली मात्र नाही! एकाच लीगमध्ये एकाच मालकाच्या दोन टीम. समजा आयपीएलमध्ये एकाच शेठच्या दोन टीम आहेत आणि त्याने एका रात्रीत एकीतले सगळे चांगले प्लेअर उचलून दुसरीत टाकले, तर आपल्याकडे लोक रस्त्यावर उतरतील की नाही? पण तेव्हा हे नियमात बसत होतं, आणि दुसरेही मालक तेच करत होते. साय यंग, बर्केट, वॉलेस, मॅनेजर पॅट्सी टीबो, सगळे सेंट लुइसला. आवडतीच्या ताटात तूप, नावडतीला ताक, तेही पाणी घातलेलं. सीझनची पहिलीच मॅच या दोन टीममध्ये लागली, स्पायडर्ससमोर बॉल टाकायला उभा कोण, तर त्यांचाच साय यंग. हरले १० विरुद्ध १.

आता क्लीव्हलँडच्या लोकांचं बघा. त्यांनी ना मोर्चा काढला ना दगड मारले, ते सरळ घरी बसले. घरच्या ४२ मॅचना मिळून माणसं आली ६,०८८. सरासरी काढली तर मॅचला १४५. ग्राउंडवर जागा नऊ हजारांच्या आसपास. तीन एसट्यांत मावतील एवढी माणसं त्या एवढ्या मोठ्या लाकडी स्टँडमध्ये इकडे तिकडे विखरून बसलेली, डोळ्यासमोर आणा जरा. एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जात असेल.

पाहुण्या टीमला गेटच्या पैशातून वाटा मिळायचा. १४५ माणसांचा वाटा तो केवढा, त्यात रेल्वेचं भाडंही निघेना, मग बाकीच्या टीम म्हणाल्या आम्ही काही क्लीव्हलँडला येत नाही, तुम्हीच आमच्याकडे या. झालं, स्पायडर्स निघाले फिरतीवर. तब्बल ११२ मॅच परगावी, त्यातल्या १०१ हरल्या. हा रेकॉर्ड आता कुणाच्या बापाला मोडता येणार नाही, कारण हल्ली टीम बाहेर खेळते तेच मुळी ८१ मॅच. पेपरवाले त्यांना स्पायडर्स म्हणायचं सोडून भटके म्हणायला लागले.

पहिला मॅनेजर लेव्ह क्रॉस. ३८ मॅचमध्ये ८ जिंकल्या त्याने, म्हणजे या टीमच्या मानाने माणूस भलताच हुशार, तर मालकांनी त्यालाही उचलून सेंट लुइसला नेलं! मग आला जो क्विन. जन्म ऑस्ट्रेलियातला, आणि बेसबॉलखेरीज त्याचा धंदा काय होता माहितीय? अंत्यसंस्कारांची व्यवस्था करायचा. खोटं नाही सांगत. पुढच्या ११६ मॅच त्याने सांभाळल्या, १२ जिंकल्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सलग २४ हरले, त्यांच्या नॅशनल लीगमधला तो रेकॉर्ड अजून त्यांच्याच नावावर आहे. शेवटच्या ४१ मधल्या ४० हरले. जिम ह्युई नावाचा पिचर, त्याच्या खात्यावर ४ विजय आणि ३० पराभव, त्यानंतर आजवर एका सीझनला ३० हरलेला पिचर झालेला नाही. पहिल्या नंबरच्या ब्रुकलिनपेक्षा ८४ गेम मागे, ते एक वेळ समजू शकतो, पण खालून दुसऱ्या वॉशिंग्टनच्याही ३५ गेम मागे!

मला विचाराल तर या पोरांना हरलेले म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हरवायचं मालकांनी ऑफिसात बसून ठरवलं होतं, यांनी फक्त रोज कपडे घालून ग्राउंडवर जायचं. आणि गेले की, १५४ वेळा गेले. आमच्या गल्लीची कबड्डीची टीम लागोपाठ चार वेळा हरली तर पाचव्या वेळी अर्ध्या पोरांच्या पोटात दुखायला लागलं होतं, मला चांगलं आठवतंय.

बरं एवढं करून सेंट लुइस पहिलं आलं का? कुठलं काय, पाचवं. पुढच्या वर्षी लीगने बारातल्या चार टीम बंदच केल्या, त्यात स्पायडर्स गेले. सेंट लुइसची तीच टीम आज कार्डिनल्स म्हणून खेळते, आणि क्लीव्हलँडला १९०१ मध्ये दुसऱ्या लीगची नवी टीम मिळाली.

शेवटची मॅच राहिली सांगायची. १५ ऑक्टोबर, सिनसिनाटी. बॉलिंगला कोण, तर एडी कोल्ब, हॉटेलात सिगारच्या काउंटरवर काम करणारा पोरगा. म्हणतात की सिगारच्या एका खोक्याच्या बदल्यात त्याला चान्स दिला. त्याने अख्खी मॅच टाकली, स्पायडर्स १९ विरुद्ध ३ ने हरले, आणि मोठ्या लीगमध्ये तो पुन्हा कधी दिसला नाही.

आणि टीमबरोबर गावोगाव फिरणारा एक सेक्रेटरी होता, जॉर्ज म्यूर. तिकिटं, हॉटेलं, हिशोब सगळं बघायचा. सीझन संपल्यावर खेळाडूंनी मिळून त्याला हिऱ्याचं लॉकेट भेट दिलं. का, तर आपल्या सगळ्याच्या सगळ्या मॅच बघायची पाळी आली असा जगाच्या पाठीवर हा एकच माणूस.