उसाच्या रस्त्यावरचा हिवाळा

[दृश्य: पहाटेचा अंधार. वाईहून निघालेला रस्ता. धुक्यात हलणारा एकच दिवा.]

जानेवारीतली पहाट, सहाचा सुमार. साताऱ्याकडे या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. कामाला निघालेला असो, दुधाचे कॅन लावलेला असो की पाचगणीपर्यंत रपेट मारणारा असो, सायकलवाल्याचा पहिला तास अंधारातच जातो. कृष्णाकाठी त्यात धुकं. रात्रभर गार होऊन जड झालेली हवा खोलगटात उतरून बसते. म्हणून वाईत दात वाजतात, आणि पसरणी घाटाची काही वळणं चढलं की हवा जरा उबदार लागते.

आपल्या रस्त्यावर बर्फ साचत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात भीती असते ती उसाच्या ट्रॉलीची.

[दृश्य: उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागून.]

नोव्हेंबरच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो आणि कारखान्याची वाहतूक रात्रंदिवस चालू राहते. ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर असला, तरी बाहेर आलेला ऊस तो झाकतो. उरलेलं काम धूळ करते. पंक्चर झालेली ट्रॉली डाव्या कडेला उभी असते, म्हणजे नेमकी आपल्या वाटेत. खूण काय, तर मागे ठेवलेले दोन दगड. एका पहाटे मला ते दगड आधी दिसले म्हणून ब्रेक दाबला. थांबलो तेव्हा उसाची टोकं हँडलपासून हातभर लांब होती, आणि त्यांच्यावरून दव ठिबकत होतं. ते दव मी अजून विसरलेलो नाही.

हिशेब साधा आहे. ताशी 25 किलोमीटरने जाणारी सायकल सेकंदाला सात मीटर कापते. धुक्यात दिवा पंधरा मीटर दाखवत असेल, तर हातात दोन सेकंद. तेवढ्यात बघायचंही आणि थांबायचंही. दिव्याचा झोत वर ठेवला तर समोर पांढरी भिंतच उभी राहते, म्हणून तो खाली, रस्त्यावर पडू द्या.

मागचा लाल दिवा मात्र दुसऱ्यासाठी आहे. नुसता लुकलुकणारा दिवा किती लांब आहे, हे मागच्या चालकाला चटकन कळत नाही. एक स्थिर ठेवा, जमलं तर दुसरा लुकलुकता. आणि घोट्याला चमकणारी पट्टी बांधाच. पाठीवरची पट्टी एका जागी चमकते, घोट्यावरची पायडलबरोबर वर-खाली होते. लांबूनही ओळखू येतं, हा सायकलवर बसलेला माणूस आहे.

[दृश्य: दवाने ओली झालेली रिम, जवळून.]

रिमला लागणारे ब्रेक असतील तर पहाटेचं दव विसरू नका. ओल्या रिमवर रबर आधी नुसतं घसरतं. उतार लागण्याआधीच ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून रिम पुसून घ्या. रस्त्यावर सांडून चिरडलेला ऊस दिसला, तर त्यावर हँडल वळवू नका, ब्रेकही मारू नका. सरळ निघून जा.

[दृश्य: पाचगणी. उजाडलं आहे.]

वाई समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर, पाचगणी 1300 च्या आसपास. एवढा चढ चढताना घाम येतो, आणि तोच ओला अंगरखा उतारावर वाऱ्याने बर्फासारखा गार पडतो. खरी थंडी बाधते ती उतरताना. बोटं बधिर झाली की ब्रेकचा अंदाज जातो, म्हणून हातमोजे चढताना खिशात ठेवले तरी चालतील, उतरताना मात्र हातातच हवेत.

जुन्या सायकलवाल्यांची एक युक्ती आजही चालते. वर पोचल्यावर टपरीवर चहा घ्यायचा, कालचं वर्तमानपत्र मागून घ्यायचं आणि त्याची घडी शर्टाच्या आत, छातीवर सरकवायची. कागद वारा अडवतो, घामही थोडा टिपतो. खाली वाईत पोचून तो बाहेर काढला की शाई पुसट झालेली असते, आणि छाती कोमट.

[दृश्य: ऊन. रिकामी ट्रॉली शेताकडे परत निघाली आहे.]