काकींचा कागद

(दृश्य : सकाळ. खळ्यात वाळत टाकलेली सुपारी. मागे समुद्राचा आवाज.)

गुहागर तालुक्यातली ही किनाऱ्याकाठची वाडी. चिऱ्याचं घर, पुढे सारवलेलं खळं, मागे पोफळीची बाग. झोपाळ्यावर बसल्यात त्या काकी. वय ८१. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. यजमान गेले, मूलबाळ नाही. आज काकींना मृत्युपत्र करायचंय, आणि त्यात गावच्या वाचनालयाला काही ठेवायचंय.

(दृश्य : वाचनालय. कौलांतून आलेला कवडसा.)

हे ते वाचनालय. हा कवडसा दिसतोय ना, पावसाळ्यात नेमकं तिथूनच पाणी येतं, थेट कादंबऱ्यांवर. कपाटाच्या फळीला बोट लावलं की वाळवीचा भुगा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. वाचनाची हौस या जिल्ह्याला नवी नाही. छपराचं मात्र कोणी बघत नाही.

(दृश्य : सातबारा. त्यावरून खाली सरकणारं बोट.)

द्यायचं म्हटलं, तर काय द्यायचं? कोकणात गाडी इथेच अडते. आजेसासऱ्यांच्या नावाखाली वारसांची नावं लागत लागत २३ झालीत. काही मुंबईला, काहींचा पत्ताच नाही. काकींचा हिस्सा आहे, पण वाटप झालेलं नाही. आपल्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करता येतं, उरलेल्या बावीस जणांच्या वतीनं दान करता येत नाही. त्यात बाग म्हणजे शेतजमीन. ती संस्थेच्या नावावर करायची तर शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन सहजी जाऊ न देणारा कूळकायदा आडवा येतो. वकील हसत म्हणाले, "काकी, जमीन दिलीत तर वाचनालयाला भांडण द्याल. त्यापेक्षा पैसे द्या."

पैसे म्हणजे बँकेतल्या ठेवी. नॉमिनी आहे भाचा, त्यामुळे काकींना वाटत होतं की तो विषय मिटलेला. पण नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा माणूस. ते कोणाचे, हे मृत्युपत्रावरून ठरतं. आणि मृत्युपत्रच नसेल तर? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मूल नसलेल्या विधवेची स्वतःची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरचा नंबर त्यानंतर.

काकी झोपाळा थांबवून म्हणाल्या, "म्हणजे मी फळ्यापुढे उभी राहिले ती पुतण्यांसाठी?"

(दृश्य : पाटावर ठेवलेला कागद. काकींचा हात.)

साधा फुलस्केप कागद. स्टँपपेपर हवा असं गावात सगळेच सांगतात, तो लागत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेली बरी, पण सक्तीची नाही. अक्षर बघा, अजून फळ्यावरचंच वळण. काकींनी लिहिलं, "गावच्या वाचनालयास". वकिलांनी हात धरला. कुठलं वाचनालय? उद्या दुसरं निघालं तर? मग संस्थेचं पूर्ण नाव आलं, पत्ता आला, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणीचा क्रमांक आला. हे वाचनालय बंद पडलं तर पैसे तालुक्यातल्या दुसऱ्या वाचनालयाला, हीही ओळ आली.

पुढे काकींनी लिहिलं, "फक्त मुलांच्या पुस्तकांसाठी". इथे मात्र आमच्यातलाच एक जण कॅमेऱ्यामागून बोलून गेला, "काकी, छप्पर!" काकींनी थोडा विचार केला, ओळ खोडली, खोडल्या जागी छोटी सही केली आणि लिहिलं, "आधी छप्पर, उरेल त्यात पुस्तकं."

(दृश्य : ओटीवर साक्षीदार.)

दोन साक्षीदार लागतात. वाचनालयाचे कार्यवाह हौसेनं पुढे सरसावले होते, वकिलांनी हात जोडून त्यांना उठवलं. ज्याला मिळणार त्याच्याच माणसाची साक्ष कशाला? मग शेजारचे सुपारीवाले आले आणि निवृत्त पोस्टमन आले. आत काय लिहिलंय ते त्यांनी वाचायची गरज नाही. काकी सही करताना बघायचं, मग काकींसमोर आपली सही करायची. पोस्टमनकाकांनी चष्मा दोनदा पुसला. डॉक्टर सकाळीच येऊन शुद्धीत असल्याचा दाखला देऊन गेले होते. कायदा तो मागत नाही, पण ८१ व्या वर्षी असलेला बरा.

विचार बदलला तर काकी उद्या दुसरा कागद करू शकतात. शेवटचा असेल तो खरा. बक्षीसपत्राचं, म्हणजे हयातीतच देऊन टाकल्याच्या कागदाचं, तसं नसतं, ते एकदा झालं की झालं.

पुतण्यांना फोनवर सांगितलं. एक "बरं" म्हणाला, दुसऱ्यानं नंतर बोलतो म्हणून ठेवला.

(दृश्य : लोखंडी ट्रंक. काकींच्या कमरेची किल्ली.)

पाकीट ट्रंकेत, यजमानांच्या फोटोखाली. ते कुठे आहे हे ठाऊक असावं म्हणून मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या भाच्याला दाखवून ठेवलंय. ट्रंक बंद झाली. खळ्यात कावळे सुपारीवर उतरलेत, आणि काकी काठी घेऊन त्यांच्यामागे निघाल्यात.