म्हार्दोळच्या जाया

नमस्कार श्रोतेहो. पणजीहून फोंड्याला जाताना म्हार्दोळ आलं, की मी अजूनही खिडकीकडे सरकते. लहानपणी तिथे बस थांबली की खालून हात वर यायचे आणि हातांत केळीच्या पानावर ठेवलेल्या जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, फांत्या असायच्या. केळीच्या सोपाच्या दोऱ्यात घट्ट गुंफलेल्या, सगळ्या मिटलेल्या कळ्या. आई दोन फांत्या घ्यायची. एक स्वतःच्या अंबाड्यात माळायची आणि दुसरी ओल्या रुमालात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवायची. ती शिरोड्याच्या आत्याची.

जाई दुपारी कळी असते आणि दिवस मावळताना उमलते. फोंड्याच्या स्टँडवर बस बदलेपर्यंत रुमालातून वास यायला लागायचा. बोरी मागे पडायची, बाहेर अंधारून यायचं आणि आमच्या अवतीभवतीचे अनोळखी प्रवासी मान वळवून बघायचे. शिरोड्याला उतरेपर्यंत फांती पांढरीशुभ्र फुललेली असायची. सकाळी आत्याच्या उशाशी तीच फांती पिवळी पडलेली दिसे. मला फार वाईट वाटायचं. अबोली कशी दोन-तीन दिवस टिकते! पण अबोलीला वास नाही, आणि माझा तो सगळा प्रवास वासातच साठवलेला आहे.

याच म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायांची पूजा होते. देवी मूळची वेर्ण्याची, पोर्तुगीज काळात, सोळाव्या शतकात, इथे आणलेली. पूजेच्या दिवशी देऊळ जायांनी भरून जातं. एका रात्रीपुरत्या फुलांसाठी गावाने किती हात लावलेले असतात, ते एकदा जाऊन बघा.

दुसरी आठवण सुरंगीची. तिचा हंगाम फाल्गुन-चैत्राचा, तोही थोड्या दिवसांचा. फूल थेट जुन्या फांदीला चिकटून येतं, पुरतं उमलायच्या आत, भल्या पहाटे झाडावर चढून कळ्या काढाव्या लागतात. मुंबईला शिकत होते तेव्हा एका शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, घेतला आणि थिवीला मांडवी एक्सप्रेस पकडली. रत्नागिरीच्या पुढे समोरच्या बाकावरच्या आजींनी विचारलं, "बाय, सुरंगी आहे का गो तुझ्याकडे?" त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं. मी अर्धा वळेसर तोडून दिला. त्यांनी तो माळला नाही, पनवेल येईपर्यंत ओंजळीत धरून बसल्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. फुलं वाळून तपकिरी झाली, तरी माझ्या ट्रंकेतल्या कपड्यांना पुढे कितीतरी दिवस तो वास होता.

गेल्या पावसात शिरोड्याला गेले होते. आत्याला आता दिसत नाही. मी काही न बोलता रुमाल तिच्या हातात दिला. तिने तो उघडला, फांतीवरून एकेक कळी चाचपत बोट फिरवलं आणि म्हणाली, "अजून मिटलेल्या आहेत गो. म्हणजे दिवस बुडाला नाही. बस, चहा घे, उमलल्या की मग माळ मला."