जरा सरकता का?

नमस्कार मंडळी. आज मला आपल्या प्रवासातल्या वागण्याबद्दल बोलायचंय, लोकलमध्ये, एसटीत, रात्रीच्या गाडीत आपण एकमेकांशी कसे वागतो त्याबद्दल. तुमच्यातले काही जण आत्ता गाडीत बसूनच हे ऐकत असतील, तर कानात इयरफोन नसतील तर आवाज जरा कमी करा, कारण माझं बोलणं ऐकायचं तुम्ही ठरवलंय, शेजारच्याने नाही.

सगळे म्हणतात की गर्दी वाढली आणि माणुसकी गेली. मला हे अजिबात पटत नाही. बरीच वर्षं मी मध्य रेल्वेच्या लेडीज डब्यातून ये-जा करतेय आणि सगळ्यात जास्त समजूतदारपणा मी पाहिलाय तो तिथेच, तोही सकाळच्या ऐन गर्दीत. डोंबिवलीला चढलेली बाई कशीबशी आत शिरली की बसलेल्यांना एकच शब्द विचारते, "कुठे?" कोणी म्हणतं दादर, कोणी सीएसटी, एखादी म्हणते घाटकोपर, की झालं, ती घाटकोपरला उतरली की सीट हिची. कुठे लिहिलेलं नाही, कोणी साहेब नेमलेला नाही, पण मधे दुसरीच कोणी बसायला गेली तर आजूबाजूच्या चार जणी लगेच सांगतात, अहो त्यांनी आधी विचारलंय. तीन जणींच्या बाकावर चौथी टेकते, अर्धी बाहेर, एक पाय पॅसेजमध्ये, तरी बसू देतात. दारातल्या बायकांना मागून विचारणा होते, "ठाणे उतरायचंय का?" नसेल उतरायचं तर वाट देतात, आणि एवढ्या चेंगराचेंगरीत कोणीतरी मटार सोलत असते, कोणी गजरा ओवत असते.

जुनं ते सोनं असं मी म्हणत नाहीये हां. ग्रुपची दादागिरी तेव्हाही होती, आजही आहे. विरार गाडीत बोरिवलीवाल्याला चढूच द्यायचं नाही, नाहीतर उतरूच द्यायचं नाही, हे किती वर्षं चालत आलंय ते पश्चिम रेल्वेवाल्यांना विचारा. पण त्या "कुठे?"वाल्या व्यवस्थेत मला जे दिसतं ते असं, की ती टिकली ती विचारणारीमुळे नाही आणि उठणारीमुळेही नाही, ती टिकली त्या चार जणींमुळे ज्यांचा त्या सीटशी काही संबंधच नव्हता आणि तरी त्या बोलल्या. हा जो तिसरा माणूस आहे ना, तोच आपल्या प्रवासातून कमी होत चाललाय असं माझं म्हणणं आहे, कारण त्याची मान आता खाली आहे, मोबाईलमध्ये.

रात्रीच्या स्लीपर डब्याचंच घ्या. साडेदहा वाजलेत, साइड लोअरवर एक मुलगा रील्स बघतोय, दर पंधरा सेकंदाला नवीन गाणं, तेही अर्ध्यात तुटतं, समोर एक गृहस्थ मोठ्याने मॅच लावून बसलेत, आणि वरच्या बर्थवरून कोणाचातरी व्हिडिओ कॉल चाललाय, "जेवलास का, काय जेवलास, मम्मीला दे." या तिघांच्या मधे एक बाई बाळाला मांडीवर थोपटतायत, बाळ झोपतं, दचकतं, परत झोपतं. डब्यात इतकी माणसं आहेत आणि प्रत्येकाला त्रास होतोय, चेहऱ्यावर दिसतंय, पण कोणी बोलत नाही.

नियम नाहीत असं नाही. झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६, हे २०१७ मध्ये रेल्वेने ठरवून दिलंय, त्याआधी ९ पासून होती. त्या वेळेत मिडल बर्थवाल्याला बर्थ उघडायचा हक्क आहे, इतर वेळी खालच्याला बसू द्यायचं. २०२२ च्या सुरुवातीला रेल्वेने हेही सांगितलं की रात्री मोठ्याने बोलायचं नाही, इयरफोनशिवाय काही ऐकायचं नाही. मुंबईत बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये इयरफोनशिवाय मोबाईल वाजवायला बंदी केली. पण अंमलबजावणी कोण करणार? कंडक्टरने तिकिटं काढायची, सुट्ट्याची भांडणं सोडवायची, बेल मारायची, दारात लटकणाऱ्याला आत घ्यायचं, की मागच्या सीटवरचा फोन बंद करायला जायचं? आणि मिडल बर्थचा नियम मोबाईलवर काढून दाखवला की समोरचा चिडतोच. याच बर्थचा प्रश्न पूर्वी जेवणाचा डबा उघडता उघडता सुटायचा, "तुम्ही किती वाजता झोपता हो? मग आम्ही आत्ताच जेवून घेतो."

आणि कृपा करून हे सगळं तरुण पोरांवर ढकलू नका. पहाटे पाचला स्पीकरवर भजन लावणारे आजोबा मी पाहिलेत. भजन असलं म्हणून झोपमोड होत नाही असं थोडंच आहे, वरच्या बर्थवर कोणीतरी रात्रपाळी करून चढलेलं असतं. वय झालेल्यांनी आदर मागायचा आणि स्वतः कोणाचा विचार करायचा नाही, हे नाही चालणार.

एसटीत आणखी एक गोष्ट दिसते जी मला मोबाईलपेक्षा जास्त लागते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याआधी २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास झाला. तेव्हापासून टोमणे ऐकू येतात, "अर्ध्या तिकिटात पूर्ण सीट कशाला पाहिजे," "फुकटवाले आधी चढतात." एक आजी, हातात कापडी पिशवी, त्यात दवाखान्याची फाइल, सीटजवळ उभ्या, आणि खिडकीशी बसलेल्या माणसाने शेजारच्या जागेवर बॅग ठेवलेली. आजी म्हणाल्या, "बाळा, जरा सरकतोस का?" तो म्हणाला, "कोणीतरी येणारे," आणि कोणीच आलं नाही. पुढच्या स्टँडपर्यंत आजी दांडा धरून उभ्या. मागे आम्ही बसलेले सगळे बघत होतो. सवलत सरकारने दिलीये, आजींनी त्या माणसाच्या खिशातून नाही घेतली, आणि बॅगेचं तर तिकीटच नव्हतं! एवढं म्हणायला मागच्या एकाने तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं.

इथे एक सांगायलाच हवं. गर्दीत माणसं मरतात त्याचं खापर प्रवाशांच्या बेशिस्तीवर फोडू नये. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ जीव गेले, ते अरुंद पुलावरच्या चेंगराचेंगरीत. पूल रुंद करणं, गाड्या वाढवणं ही ज्यांची कामं आहेत त्यांनीच ती करायची, त्याला आपलं "जरा सरकून घ्या" हा पर्याय नाही.

मग आपल्या हातात काय? बोलायची भीती वाटते हे मला मान्य आहे. भांडण होईल, शूटिंग होईल, आपणच व्हायरल होऊ. एकटी बाई असेल आणि रात्रीची वेळ असेल तर ती भीती अगदी खरी आहे, तिने गप्प बसून रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला फोन केला किंवा मेसेज टाकला तरी काही कमीपणा नाही, त्याचसाठी तो नंबर आहे. पण आपण चार-पाच जण असलो तर? त्या स्लीपर डब्यात शेवटी बाळाच्या आईनेच विचारलं, "भाऊ, आवाज कमी करता का, बाळ उठतंय सारखं." मॅचवाल्या गृहस्थांनी नुसतं बघितलं आणि परत स्क्रीनकडे वळले. तेवढ्यात मिडल बर्थवरून एक काका म्हणाले, "अहो बरोबर बोलतायत त्या, साडेदहा झालेत." मीही म्हटलं, हो ना. मग मॅचचा आवाज बंद झाला, रील्सवाल्या मुलाने बॅगेत हात घालून इयरफोन शोधले, गाठी सोडवत बसला बिचारा, आणि व्हिडिओ कॉलवाला पॅसेजमधून दाराकडे निघून गेला. कोणी ओरडलं नाही, कोणाचा अपमान झाला नाही. त्या काकांच्या एका वाक्याने काम झालं, आणि ते वाक्य आजच्या रात्रीच्या गाडीत तुम्हालाही म्हणता येईल.