खाडीतला अनोळखी पुरुष

ठाण्याच्या खाडीला ओहोटी लागली की तिवरांच्या मुळाशी चिखल उघडा पडतो. त्या चिखलात कधी ओळखण्यापलीकडे गेलेला मृतदेह सापडतो. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो आणि नावाच्या रकान्यात ‘अनोळखी पुरुष’ एवढेच लिहिले जाते. चेहरा उरलेला नसतो, बोटांची कातडी सुटलेली असते. अशा वेळी शवविच्छेदन करणारे डॉक्टर दाढ आणि मांडीच्या हाडाचा तुकडा राखून ठेवतात, कारण मांस कुजून गेले तरी दाढेच्या आत आणि हाडाच्या घट्ट भागात डीएनए बराच काळ टिकून राहतो.

सीलबंद नमुना कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासला जातो. हाडाचा वरचा थर खरवडून त्याची पूड करतात, पुडीतून डीएनए वेगळा काढतात आणि पीसीआर यंत्रात त्याच्या असंख्य प्रती तयार करतात. माणसामाणसांत बहुतांश डीएनए सारखाच असल्याने तो सगळा वाचण्यात अर्थ नसतो. जिथे डीएनएच्या साखळीतल्या काही अक्षरांचा, म्हणजे घटकांचा, छोटा गट पुन्हा पुन्हा येतो, अशा साधारण 20 जागांवरच्या पुनरावृत्ती मोजल्या जातात. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात जनुकशास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांना 1984 मध्ये डीएनए-ठसा प्रथम दिसला, तेव्हाची पद्धत वेगळी होती आणि तिला नमुनाही बराच लागे. त्या पद्धतीने खुनाच्या तपासात आधी सुटला तो खोटी कबुली दिलेला तरुण. खरा गुन्हेगार नंतर सापडला.

पण हाती आलेले आकडे एकटे काहीच सांगत नाहीत. बेपत्ता मुलाची तक्रार दिलेली कळव्याची एखादी आई रक्त देते, तेव्हा त्यांना अर्थ येतो. प्रत्येक जागी माणसाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. समजा, एका जागी मृताचे आकडे 11 आणि 14 आहेत, आईचे 11 आणि 13. मग 11 आईकडून आला आणि 14 वडिलांकडेच असायला हवा. असे प्रत्येक जागी पडताळतात. मात्र एखाद्याच जागी तफावत दिसली म्हणून नाते नाकारत नाहीत, कारण ती उत्परिवर्तनामुळेही, म्हणजे डीएनएमध्ये आपोआप झालेल्या बदलामुळेही, येऊ शकते.

हाडातला हा डीएनए फारच तुटलेला असेल, तर फक्त आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए तपासतात; पेशीच्या केंद्रकाबाहेरच्या या डीएनएच्या प्रती पुष्कळ असल्याने तो सापडण्याची शक्यता जास्त असते. तो सख्ख्या भावंडांत एकसारखाच असतो. त्यामुळे त्या आईचे दोन मुलगे बेपत्ता असतील, तर चिखलात सापडलेला थोरला की धाकटा, हे ठरवायला पोलिसांना पुन्हा पंचनाम्यातल्या कपड्यांकडे आणि दातांकडेच वळावे लागते.