रेघ कुठे ओढायची?

(स्कॅनरचा पाळणा हळूहळू आत सरकतो.)

वजन जेमतेम 25 ग्रॅम. गुंगीतला हा उंदीर पेट स्कॅनरमध्ये, म्हणजे शरीरात सोडलेलं किरणोत्सारी द्रव्य कुठे साठलं याचं चित्र काढणाऱ्या यंत्रात, चालला आहे. शेपटीच्या शिरेतून त्याला एफडीजी दिलं आहे, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेली साखर. वेगाने वाढणारी गाठ ही साखर भराभर शोषते आणि चित्रात उजळून दिसते. फ्लोरिन-18ची तीव्रता साधारण 110 मिनिटांत निम्म्यावर येते. त्यामुळे या खोलीत सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं.

पाळण्यावर उबदार गादी आहे, ती पाहा. उंदराला थंडी वाजली, की खांद्यांमधली तपकिरी चरबी ऊब निर्माण करण्यासाठी साखर ओढून घेते आणि गाठ नसलेल्या जागी लख्ख ठिपका उमटतो. उंदीर किती वेळ उपाशी होता, गुंगीचं औषध कोणतं होतं, यावरही चित्र बदलतं. हे सगळं वहीत नोंदवलं जातं. स्कॅन झाल्यावर पुढे काय केलं, याला मात्र शोधनिबंधात अनेकदा एकच ओळ मिळते.

(संगणकाचा पडदा. कर्सर गाठीभोवती फिरतो.)

ही गाठ. तिची कड नेमकी कुठे आहे?

एका संशोधिकेने ही अशी रेघ ओढली. दुसऱ्याने तोच स्कॅन उघडला, रंगपट्टी थोडी सरकवली आणि गाठ मोठी दिसू लागली. आतले आकडे तेच आहेत, बदलले आहेत ते फक्त रंग. त्याची रेघ बाहेरून गेली, कडेचा फिकट भाग आत आला आणि सरासरी घसरली. तिसऱ्याने सरासरी घेतलीच नाही, सर्वांत तेजस्वी बिंदूचा आकडा उचलला. तिन्ही आकडे ‘गाठीने घेतलेली साखर’ याच नावाने छापले जाऊ शकतात, आणि तिघांनीही काम प्रामाणिकपणेच केलेलं असतं.

उंदराच्या बाबतीत हा प्रश्न फार टोकदार होतो. समजा, गाठ गोल आहे, व्यास 4 मिलिमीटर. रेघ सगळीकडून अर्धा मिलिमीटर बाहेर गेली, तर आकारमान जवळजवळ दुप्पट भरतं.

(हातमोजे घातलेले हात पारदर्शक फँटम, म्हणजे प्राण्याच्या जागी ठेवायचा चाचणीचा नमुना, भरतात.)

स्कॅनरची परीक्षा कशी घ्यायची, हे ठरलेलं आहे. छोट्या प्राण्यांच्या पेट स्कॅनरसाठी नेमा या अमेरिकी उद्योग संघटनेचं एनयू 4 मानक 2008 साली आलं. त्यातल्या या फँटममध्ये 1 ते 5 मिलिमीटर व्यासाच्या पाच नळ्या असतात. किरणोत्सारी द्रव्याची माहीत असलेली मात्रा भरायची, स्कॅन करायचा आणि चित्रातून किती परत मिळाली ते पाहायचं. सर्वांत बारीक नळीचा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. यंत्र कुठे कमी पडतं, हे असं कळतं.

रेघ ओढणाऱ्या हातांचीही अशीच परीक्षा व्हायला हवी. एकच स्कॅन दोघांनी एकमेकांचं न पाहता आखायचा. ज्या औषधाची चाचणी चालू आहे ते कोणत्या उंदराला मिळालं, हे दोघांनाही सांगायचं नाही. दोन रेघा किती जुळल्या, ते डाइस गुणांकाने मोजायचं: 0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे तंतोतंत. कडेचा उंबरठा (किती तेजापर्यंतचा भाग गाठ धरायचा), रंगपट्टीची मर्यादा, सॉफ्टवेअरची आवृत्ती, सरासरी की कमाल, हे सगळं पहिला स्कॅन उघडण्याआधी लिहून ठेवायचं.

(पिंजऱ्यांची रांग.)

आकडे जुळले नाहीत, की प्रयोग पुन्हा होतो आणि आणखी प्राणी लागतात.

(पुन्हा पडदा. आकड्यांचे तक्ते.)

एकमत होऊ शकतं. वैद्यकीय चित्रांतून काढल्या जाणाऱ्या, आकार किंवा पोत अशा 174 गुणधर्मांपैकी 169 कसे मोजायचे, यावर 25 संशोधन गटांनी सहमती घडवली. ते काम 2020 मध्ये प्रसिद्ध झालं.

आता रेघ ओढायला स्वयंचलित सॉफ्टवेअर येत आहे. तेही कुणीतरी हाताने ओढलेल्या रेघांवरूनच शिकतं. म्हणून आमची मागणी आहे, की शोधनिबंधासोबत स्कॅन जसे काही वेळा खुले ठेवले जातात, तशी या रेघांची फाइलही खुली ठेवावी.